राउटर दहादा बंद-चालू केला तरी आयपी तोच: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

लक्षणं साधारण अशी असतात. एखादी साइट घरच्या वायफायवर 'ॲक्सेस डिनाइड' म्हणते आणि मोबाइल डेटावर निमूट उघडते. गूगलवर काहीही शोधायला गेलं की आधी 'मी रोबोट नाही' आणि मग बसा झेब्रा क्रॉसिंगचे चौकोन निवडत. पासवर्ड पहिल्यांदाच टाकला तरी 'खूप वेळा प्रयत्न झाले, नंतर या' असं उत्तर. केबलवाल्याला फोन केला की तो सांगतो, राउटर बंद करून चालू करा, आयपी (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता, साइट अडवते ती बहुधा त्यावरून) बदलेल. कधी बदलतो, कधी नाही, आणि बदलला तरी चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

केबलवाल्याचा सल्ला खोटा नसतो, अर्धा असतो. पुण्यात एकाच सोसायटीत तीन मजल्यांवर तीन तऱ्हेची कनेक्शनं सापडतात: कुणाकडे मोठ्या कंपनीचं फायबर, कुणाकडे युजर आयडी-पासवर्ड टाकून जोडलं जाणारं, कुणाकडे गच्चीतल्या स्विचवरून खिडकीतून आत आलेली नुसती निळी लॅन केबल. तिन्ही ठिकाणी आयपी वेगळ्या जागी आणि वेगळ्या नियमाने ठरतो. म्हणून खालच्या मजल्यावर चालणारा उपाय वरच्या मजल्यावर चालत नाही.

एक सूचना आधीच. इथे आयपीचे आकडे देवनागरीत दिलेत. टाइप करताना आकडे आणि कमांडची अक्षरं इंग्रजीच लागतील.

दोष आयपीचाच आहे ना?

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. ज्या लॅपटॉपवर, ज्या ब्राउझरमध्ये अडचण येते तोच घ्या. वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. घरचं फायबर आणि सिम एकाच कंपनीचं असेल तर घरातलं दुसऱ्या कंपनीचं सिम वापरा. आता तीच साइट उघडा.

हॉटस्पॉटवर साइट उघडली, तर संशय आयपीवर किंवा राउटरमधल्या डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). तेव्हा घरच्या वायफायवर परत या, लॅपटॉपचा डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा. एवढ्याने साइट उघडली तर आयपीला हात लावायचं कारणच नाही. हॉटस्पॉटवरही साइट अडली, तर एकदा इनकॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे चालली तर कुकीचा घोळ, नाही चालली तर बहुधा साइटने तुमचं खातंच रोखलंय. खातं रोखलेलं असताना आयपी बदलत बसणं उलट अंगाशी येतं. दर पाच मिनिटांनी नव्या आयपीवरून लॉगिन होतंय असं दिसलं की साइटचा संशय वाढतोच.

दोन तक्रारी इथेच बाजूला काढू. स्पीड कमी आहे म्हणून आयपी बदलायचा नसतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि पुण्यात बसून साइट 'तुम्ही मुंबईत आहात' म्हणते, तेही बिघाडाचं लक्षण नाही. आयपीवरून गाव ठरवणाऱ्या याद्या कंपनीच्या नोंदीवरून आणि गेटवेवरून अंदाज बांधतात. नवा आयपी त्याच ढिगातला असेल तर तोही मुंबईच दाखवेल.

दोन आकडे शेजारी ठेवा

इथून पुढचं सगळं निदान दोन आकड्यांवर चालतं.

पहिला आकडा बाहेरचा. गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' असं इंग्रजीत शोधा आणि त्या कामाच्या साइटवर दिसणारा आयपी कागदावर लिहा. आयपीव्ही४ (जुना, चार आकड्यांचा पत्ता) आणि आयपीव्ही६ (नवा, लांबलचक पत्ता) दोन्ही दाखवणारी साइट निवडा.

दुसरा आकडा राउटरच्या आतला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग लिहिलं की 'डिफॉल्ट गेटवे'समोर राउटरचा पत्ता दिसतो. टीपी-लिंकवर तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या बॉक्सवर १९२.१६८.२९.१. तो ब्राउझरमध्ये टाका आणि लॉगिन करा. लॉगिनची माहिती बॉक्सच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असते, वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. आत 'स्टेटस' किंवा 'वॅन' नावाचं पान असतं (वॅन म्हणजे राउटरची बाहेरच्या इंटरनेटकडची बाजू). तिथे 'वॅन आयपी ॲड्रेस' अशी ओळ, तिच्याखाली गेटवे, डीएनएस आणि बऱ्याच राउटरवर 'अपटाइम' किंवा 'लीज टाइम'. कनेक्शनचा प्रकारही इथेच लिहिलेला असतो: पीपीपीओई (युजर आयडी-पासवर्डवालं), डायनॅमिक आयपी (बदलता) किंवा स्टॅटिक आयपी (कायम तोच). या पानाचा फोटो काढून ठेवा, पुढे तीन-चारदा लागणार आहे.

आता ताडून बघा.

दोन्ही आकडे एकच असतील, तर तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी आहे. राउटर बंद-चालू करून बदलण्याची शक्यता याच गटात सर्वाधिक.

वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काहीतरी सुरुवातीला दिसतंय आणि बाहेर भलताच आकडा, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनीने एक सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय. १००ने सुरू होणारे सगळेच पत्ते यात येत नाहीत, १००.१२८ हा साधा सार्वजनिक पत्ता असू शकतो. पहिल्या टिंबानंतरचा आकडा नीट वाचा. (टेलस्केल वापरणाऱ्यांनी गोंधळू नये, ते ॲपही लॅपटॉपला याच पट्ट्यातला पत्ता देतं. आपल्याला राउटरच्या पानावरचा हवाय.)

वॅनवर १०ने सुरू होणारा किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला पत्ता असेल तर तोही खासगीच. लोकल ऑपरेटरने स्वतःच्या जाळ्यात सगळ्यांना एका नॅटमागे (अनेकांना एका आयपीवरून बाहेर सोडणारं यंत्र) बसवलेलं असतं. परिणाम सीजीनॅटसारखाच.

आणि वॅनवर १९२.१६८ने सुरू होणारा आकडा असेल, तर बहुतेक वेळा तुम्ही चुकीच्या डब्याच्या पानावर आहात. कंपनीचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतःच राउटरचं काम करतोय आणि तुमचा विकत आणलेला राउटर त्याच्या मागे बसलाय. दहादा बंद-चालू केलेला राउटर हाच. खरं कनेक्शन ओएनटीवर होतं आणि ते एकदाही तुटलं नाही. 'काही केल्या आयपी बदलत नाही' या तक्रारीत हा प्रकार इतक्या वेळा निघतो की बाकीचं वाचण्याआधी भिंतीवर किती डबे टांगलेत ते मोजावं.

सीजीनॅट का आलं, तर पत्तेच संपले. आयपीव्ही४चे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले आणि २०१२मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा खास या सामायिक वापरासाठी राखून ठेवला. आपल्याकडे घरोघरी फायबर आलं त्यानंतर. त्यामुळे कंपनी मुद्दाम त्रास देतेय असं समजू नका.

पीपीपीओई: प्लग उपटला, पण सेशन जिवंत

युजर आयडी-पासवर्डवाल्या कनेक्शनमध्ये राउटर दर वेळी नव्याने 'डायल' करतो आणि ऑपरेटरचा सर्व्हर आपल्या साठ्यातून एक पत्ता देतो. म्हणजे नवं सेशन झालं की नवा आयपी मिळायला हवा. मग मिळत का नाही?

कारण सेशन संपायला कुणीतरी 'संपलं' असं सांगावं लागतं. राउटरच्या पानावरून डिस्कनेक्ट केलं की तसा निरोप जातो. प्लग उपटला तर निरोप द्यायला राउटरला वेळच मिळत नाही. सर्व्हर अधूनमधून हाक मारून बघतो, काही हाकांना उत्तर आलं नाही की मग सेशन मोडीत काढतो. तोवर तुम्ही दहा सेकंदांत पुन्हा चालू केलेलं असतं. कधी जुनाच पत्ता मिळतो. कधी जुनं सेशन अजून उघडं आणि एका आयडीला एकच सेशन असा नियम, त्यामुळे लॉगिनच नाकारलं जातं. राउटर 'ऑथेंटिकेशन फेल' दाखवतो आणि माणूस पासवर्ड बदलायच्या मागे लागतो. पासवर्ड ठीक असतो, फक्त थांबायचं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. वॅनच्या पानावर जाऊन 'डिस्कनेक्ट' दाबा. वॅन आयपीच्या जागी ०.०.०.० दिसलं पाहिजे. बटण दाबताक्षणी पुन्हा जोडलं जात असेल तर कनेक्शन मोड 'ऑटो'वरून 'मॅन्युअल' करा.
२. राउटर आणि ओएनटी दोन्ही स्विचवरून बंद करा. नुसतं 'रीबूट' नको.
३. पंधरा मिनिटं थांबा. पाच मिनिटांतही काम होतं, पण सर्व्हर किती सैल ठेवलाय हे घरून कळत नाही.
४. आधी ओएनटी चालू करा. 'पॉन' दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर हिरवा झाला पाहिजे आणि 'लॉस' दिवा विझलेला हवा. लॉस लाल लुकलुकत असेल तर फायबरलाच प्रकाश पोचत नाही, तिथे आयपीचा विषयच संपतो, लाइनमन बोलवा.
५. मग राउटर. जोडल्यावर वॅनच्या पानावर अपटाइम बघा. तो दोन-तीन मिनिटांचा असला पाहिजे. तिथे 'तीन दिवस' दिसत असेल तर तुम्ही बंद केलेला डबा हा नव्हेच.

एवढं करूनही आयपी तोच आला, तर ऑपरेटरने त्याच्या रेडियस सर्व्हरमध्ये (ग्राहकांचं लॉगिन तपासणारं यंत्र) तुमच्या आयडीला एक पत्ता कायमचा बांधून ठेवलेला असतो. लहान ऑपरेटर हिशेब सोपा राहावा म्हणून असं करतात, आणि त्याला 'स्टॅटिक' म्हणतही नाहीत. घरून याला इलाज नाही, फोनच करावा लागतो.

आयडी-पासवर्ड नसलेलं कनेक्शन

वॅनवर 'डायनॅमिक आयपी' किंवा 'डीएचसीपी' लिहिलं असेल तर खेळ वेगळा. इथे पत्ता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने मिळतो, त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी मुदत झाली की राउटर स्वतःहून नूतनीकरण मागतो, आणि सर्व्हर तोच पत्ता पुढे चालू ठेवतो. लीज २४ तासांची असेल तर दर १२ तासांनी हे होत राहतं, आणि महिनोन्‌महिने पत्ता तोच. मधे दहा मिनिटं बंद ठेवून काही फरक पडत नाही, कारण लीज अजून चालूच असते. ती संपल्यावरही, पत्ता दुसऱ्याला दिलेला नसेल तर जुन्या ग्राहकाला जुनाच द्यावा असं डीएचसीपीच्या १९९७च्या नियमावलीतच आहे. सर्व्हर त्याचं काम चोख करतोय, आपल्यालाच ते नकोय.

सर्व्हर तुम्हाला ओळखतो तो राउटरच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्या उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून. म्हणून इथला ठरलेला उपाय म्हणजे वॅनचा मॅक बदलणं. राउटरमध्ये 'मॅक क्लोन' असा पर्याय असतो. मूळ मॅकचा फोटो काढा, पानावर 'रिलीज' दाबा, मग नवा मॅक टाकून सेव्ह करा आणि राउटर बंद-चालू करा. मॅकमध्ये दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी ठेवा, हाताने दिलेल्या पत्त्यांसाठी तीच जागा आहे. तिथे विषम आकडा पडला तर तो पत्ता चालतच नाही आणि राउटर नुसताच चूक दाखवतो.

पण हे करण्याआधी ऑपरेटरकडे मॅक बांधलेला आहे का ते विचारा. लॅन केबलवाल्या बऱ्याच लोकल ऑपरेटरांकडे तसं असतं. मग नवा मॅक टाकल्याबरोबर नेट पूर्ण बंद. घाबरायचं कारण नाही, फोटोतला जुना मॅक परत टाका. म्हणूनच तो फोटो. आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता हा प्रयोग करू नका, ऑपरेटरचं ऑफिस उघडं असताना करा.

मोठ्या कंपन्यांच्या फायबरवर तुमची ओळख ओएनटीच्या सिरियल नंबरवर आणि तुमच्या लाइनवर बांधलेली असते. तिथे मागच्या राउटरचा मॅक बदलून काही मिळत नाही.

याच जोडीचे दोन गैरसमज. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिगला 'रिलीज' आणि 'रिन्यू' जोडून चालवलं की लॅपटॉपचा घरातला १९२.१६८वाला पत्ता नव्याने मिळतो, बाहेरचा नाही. बाहेरचा तेव्हाच बदलेल, जेव्हा ऑपरेटरची केबल मधे राउटर न ठेवता थेट लॅपटॉपमध्ये खोचलेली असेल. फोनमधलं 'रँडम मॅक' किंवा 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस'ही तसंच, ते फक्त तुमच्या राउटरला दिसतं.

सीजीनॅटच्या मागे

इथे वॅनवरचा १००वाला आकडा रोज बदलला तरी जगाला दिसणारा आयपी तोच राहू शकतो, आणि उलटही होतं: तुम्ही काहीही न करता बाहेरचा आकडा बदललेला सापडतो. दोन्ही नॅट यंत्राच्या मर्जीवर. बंद-चालू केल्याने कधी दुसरा आयपी पदरी पडतो, पण तोही शेकडो जणांनी वापरलेलाच. वारज्यात कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये व्हायरस, आणि कॅप्चा सोडवतोय कोथरूडचा माणूस.

पोर्टचाही (एका आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचे क्रमांक) हिशेब असतो. एका आयपीवर पोर्ट ६५,५३६. कंपनीने समजा ग्राहकाला हजार-हजार दिले तर एका आयपीवर साठ-पासष्ट घरं बसतात. घरात टोरंट जोरात चालू असेल तर तुमचे हजार संपतात आणि पानं अर्धवट उघडायला लागतात, चित्रं येत नाहीत, पुन्हा रिफ्रेश केलं की येतात. हे 'आयपी ब्लॉक झालाय' असं वाटतं, पण तसं नसतं. टोरंटमध्ये एकूण कनेक्शनची मर्यादा १००-१५० वर आणा आणि बघा.

सीजीनॅटमध्ये खरोखर उपयोगी मार्ग तीन. कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक आयपी घेणं, ज्याला वेगळे पैसे आणि वर १८ टक्के जीएसटी. दुसरा, साइट आयपीव्ही६वर चालत असेल तर राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू करणं, कारण तिथे घराला स्वतःचे पत्ते मिळतात आणि शेजाऱ्याच्या पापाचा वाटा आपल्याकडे येत नाही. तिसरा व्हीपीएन. पण बँका आणि सरकारी पोर्टल व्हीपीएनचे आयपी ओळखून अडवतात, शिवाय फुकट व्हीपीएनचे आयपी तर तुमच्या सीजीनॅटपेक्षा जास्त बदनाम. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानंतर काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले, त्यामुळे ॲपमध्ये 'इंडिया' निवडलं तरी यंत्र दुसऱ्या देशात असू शकतं. त्याच आदेशात १८० दिवसांचे लॉग राखायला सांगितलंय. आयपी बदलला म्हणजे माग पुसला, असं कुणी समजत असेल तर ते डोक्यातून काढावं.

आयपीव्ही६ तपासलं का?

सगळं बरोबर केलं, वॅनवरचा आयपीव्ही४ बदलला, बाहेरचाही बदलला, आणि साइट तरी अडवतेच. तेव्हा साइट बहुधा आयपीव्ही६ बघतेय. दोन्ही उपलब्ध असले की ब्राउझर आधी आयपीव्ही६ वापरतो. आपल्याकडे हे पत्ते साधारण २४००च्या घरातल्या आकड्याने सुरू होतात आणि मधे विसर्गासारख्या दोन-दोन टिंबांनी तोडलेले असतात. त्याचा मागचा अर्धा भाग लॅपटॉप स्वतःच अधूनमधून बदलतो, पण पुढचा अर्धा, म्हणजे पहिले चार गट, तुमच्या घराची ओळख. साइट अडवते ती त्या पुढच्या भागावरून. चाचणी म्हणून राउटरमध्ये आयपीव्ही६ दहा मिनिटं बंद करा. साइट उघडली तर गुन्हेगार सापडला. कायमचं बंद ठेवू नका, वर सांगितलेला फायदा जातो.

आयपी बदलतो, पण चार दिवसांत तोही खराब

हा सगळ्यात चिवट प्रकार, आणि इथे आयपी बदलणं म्हणजे गळक्या नळाखाली नवी बादली लावणं. दोन आकडे एकच असतील, म्हणजे पत्ता फक्त तुमचा असेल, आणि तरी प्रत्येक नवा आयपी काही दिवसांत बदनाम होत असेल, तर घाण तुमच्याच घरातून बाहेर जातेय.

स्पॅमहाउस (बदनाम आयपींच्या याद्या ठेवणारी संस्था) हिच्या साइटवर आपला आयपी तपासता येतो. निकाल वाचताना एक चूक सर्रास होते. 'पीबीएल' यादीत नाव दिसलं की लोक हादरतात. ती नुसती घरगुती पत्त्यांची यादी आहे, तिथून थेट मेल सर्व्हर चालवू नये एवढाच अर्थ. घरचा आयपी तिथे असणं अगदी नॉर्मल. 'एक्सबीएल'मध्ये असेल तर मात्र गंभीर, त्याचा अर्थ त्या पत्त्यावरून बाधित यंत्राची हालचाल दिसली आहे.

संशयितांचा क्रम असा लावा. पहिला, स्वस्तातला बिननावाचा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, 'सगळे चॅनल फुकट' वाला. जून २०२५मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्याबद्दल जो इशारा दिला तो नेमका अशा उपकरणांबद्दल होता: कारखान्यातूनच किंवा सेटअपच्या वेळी बाधित होतात आणि घरच्या कनेक्शनवरून परक्याची वाहतूक चालवतात. दुसरा, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, ज्याचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच आहे. २०१६चं मिराय हे बाधित उपकरणांचं जाळं असल्याच कॅमेऱ्यांवर आणि डीव्हीआरवर पोसलं गेलं. तिसरा, मुलांच्या लॅपटॉपवरचं फुकट व्हीपीएन किंवा 'वापरात नसलेलं इंटरनेट विका, पैसे मिळवा' छापाचं ॲप. त्यात तुमचा आयपी दुसऱ्याला भाड्याने जातो, आणि ते अटींमध्ये लिहिलेलंही असतं.

शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे, पण खात्रीची. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून एकेक नाव ओळखा. ओळख न पटणारं उपकरण ब्लॉक करा आणि घरात कोण ओरडतंय ते बघा. टीव्ही बॉक्स आणि डीव्हीआर दोन दिवस पूर्ण काढून ठेवा, आयपी बदला, स्पॅमहाउसवर पुन्हा बघा. स्वच्छ राहिला तर एकेक परत जोडा. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर अद्ययावत करा. बाधित टीव्ही बॉक्स फॅक्टरी रिसेटने सुधारेलच असं नाही, कारण मूळ सिस्टिममध्येच किडा असतो. तो फेकावाच लागतो. हालचाल थांबली की यादीतली नोंद काही काळाने आपोआप गळते, किंवा तिथेच काढायची विनंती करता येते. दुरुस्तीआधी विनंती करू नका, नाव पुन्हा चढतं.

ज्यांना उलट, आयपी बदलायलाच नको असतो

गावाकडून पुण्यातल्या फ्लॅटचा कॅमेरा बघणाऱ्यांची तक्रार उलटी: लाइट गेली, आयपी बदलला, कॅमेरा गायब. स्वतःचा सार्वजनिक आयपी असेल तर राउटरमध्ये डीडीएनएस चालू करा, म्हणजे बदलता आकडा एका नावामागे राहतो. सीजीनॅटमागे असाल तर हिकव्हिजनचं ८००० किंवा दाहुआचं ३७७७७ पोर्ट कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. तिथे कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरा. खरं तर सार्वजनिक आयपी असला तरी तेच बरं, उघडं पोर्ट म्हणजे वरच्या मिरायला आमंत्रण.

शेअर बाजारात एपीआयवरून, म्हणजे स्वतःच्या प्रोग्रॅममधून, ऑर्डर टाकणाऱ्यांना मात्र खरा स्टॅटिक आयपी लागतो. सेबीच्या फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकात तशी अट आहे. डीडीएनएसने ते भागत नाही.

ऑफिसचा व्हीपीएन जोडला की घरचा प्रिंटर हरवतो किंवा ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही, हिंजवडीकरांची ही तक्रार बाहेरच्या आयपीची नसून आतल्याची आहे. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर लॅपटॉपला कळत नाही कुठे जायचं. राउटरच्या लॅन पानावर पत्ता १९२.१६८.७७.१ असा काहीतरी आडवळणी करा. १०ने सुरू होणारे टाळा, कंपन्या तेच वापरतात. सेव्ह केल्यावर पान लटकेल, ते साहजिक आहे, आता नव्या पत्त्यावर लॉगिन करायचंय. प्रिंटरला हाताने पत्ता दिला असेल तर तोही बदला.

फोन करायची वेळ आली तर

'नेट नीट चालत नाही' असं सांगितलं की कॉल सेंटर तुम्हाला पुन्हा राउटर बंद करायला लावणार. त्याऐवजी नेमकं मागा. पीपीपीओई असेल तर: 'दादा, माझं सेशन तुमच्या बाजूने क्लिअर करा, आणि आयडीला आयपी बांधलेला असेल तर काढा.' लॅन केबल असेल तर: 'मॅक रिसेट करा, नवा मॅक लावतोय.' स्वतःचा राउटर पुढे आणायचा असेल तर: 'ओएनटी ब्रिज मोडला टाका आणि व्हीलॅन आयडी द्या' (ब्रिज मोडमध्ये ओएनटी राउटरचं काम सोडून नुसता सिग्नल पुढे देतो), सोबत पीपीपीओईचा पासवर्डही मागून घ्या, नाहीतर ब्रिज झाल्यावर डायल कशाने करणार? सार्वजनिक आयपी मागताना तो सीजीनॅटबाहेरचा आहे ना, हे स्पष्ट विचारा. चालू झाल्यावर दोन आकडे पुन्हा ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा काहींचा आयपी आपोआप बदलतो, काहींचा नाही, याचंही कोडं नाही. फायबरच्या वाटेतले स्प्लिटर विजेविना चालतात. राउटर आणि ओएनटी बारा व्होल्टच्या मिनी यूपीएसवर असतील आणि ऑपरेटरच्या टोकाला बॅकअप असेल तर सेशन तुटतच नाही. मिनी यूपीएस एकाच डब्याला लावलेला असतो आणि दुसरा उघड्यावर, हेही बघून घ्या. तापकीर गल्लीतून आणताना दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून न्या: डबा बारा व्होल्ट दीड अँपिअरचा आणि यूपीएस एक अँपिअरचा असला तर दिवे लागतात, पण वायफायवर भार आला की डबा स्वतःच रिस्टार्ट होत राहतो. मग आयपी दिवसातून चारदा बदलतो, कुणी न मागता.